लहान इंजिन, मोठा आवाज – भाग ५ : नीडल कधी फिरवायची, किती फिरवायची

गेल्या आठवड्यात नव्या इंजिनाचं रनिंग-इन उरकलं. चार-पाच टाक्या इंधन कमी रेसवर, मध्ये मध्ये पूर्ण थंड होऊ देत जाळलं, आणि पिस्टन व स्लीव्ह एकमेकांना सरावले. आता नीडलच्या, म्हणजे कार्बोरेटरवरच्या इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या, विषयाला हात घालू.

मुंबईत झकास पळणारी रिमोट कंट्रोलची नायट्रो गाडी कसारा घाट चढून नाशकात आली, की पहिल्याच रेसला फटफटते, पांढरा धूर ओकते, पिकअप घेत नाही. मालक प्लग बदलतो, इंधनाला नावं ठेवतो. पण बिघाड कशातच नसतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. इंजिनात दर फेऱ्याला जाणारा प्राणवायू तेवढाच घटतो, इंधन मात्र जवळपास पूर्वीइतकंच येत राहतं. मिक्श्चर रिच होतं, एवढाच काय तो प्रकार.

घाट चढायचीही गरज नाही. जानेवारीत सकाळी नाशकात पारा १० अंशांवर असतो आणि दुपारी २८ पर्यंत जातो. एवढ्यानेच हवा सहा टक्के विरळ होते. म्हणजे एका जागी उभी असलेली गाडी सकाळपासून दुपारपर्यंत, हवेच्या हिशोबाने, मुंबईहून नाशकात पोचलेली असते. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारची तुलना त्या जानेवारीच्या सकाळशी केली तर फरक दहा टक्क्यांच्या घरात जातो. पावसाळ्यात हवेतली वाफही प्राणवायूची थोडी जागा खाते. पुस्तिकेतलं फॅक्टरी सेटिंग इंजिन सुरू व्हावं यापुरतं असतं; ते पवित्र मानून बसू नका.

या इंजिनांचं इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑइल. पेट्रोलच्या १ ग्रॅमला पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, मिथेनॉलला ६.४ आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७. नायट्रोमिथेन आपला प्राणवायू सोबतच घेऊन येतं. म्हणून ३.५ सीसीचं एवढंसं इंजिन टाकी बघता बघता रिकामी करतं आणि तेवढीच ताकदही देतं. ठिणगीची भानगड नाही. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या इग्नायटरने लाल होते. पुढे मिथेनॉलच्या वाफेची प्लॅटिनमशी होणारी क्रिया आणि सिलिंडरमधली उष्णता तिला तापलेली ठेवतात. अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७च्या सुमारास असे प्लग बाजारात आणले आणि मॉडेल इंजिनांवरचं कॉइल-बॅटरीचं ओझं उतरलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑइल इंधनातच मिसळलेलं असतं. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला पेट्रोलमध्ये ऑइल टाकून घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नीडल बंद करत गेलात, म्हणजे मिक्श्चर लीन केलंत, की इंधनासोबत ऑइलही कमी होतं. शिवाय मिथेनॉल बाष्प होताना इंजिन गार ठेवतं, तेही घटतं. म्हणून रिच गाडी नुसती रडते, लीन गाडी सीझ होते. शंका आली की नीडल उघडायची.

कार्बोरेटरवर साधारणतः तीन स्क्रू दिसतील : हाय स्पीड नीडल, लो स्पीड नीडल आणि आयडल स्क्रू, ज्याला आपल्याकडचा कुठलाही मेकॅनिक ‘स्लो’ म्हणेल. नीडल घड्याळाच्या दिशेने फिरवली की लीन, उलट फिरवली की रिच. एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची खाच बारावरून दीडवर, त्याहून जास्त नाही. नाशकातल्या सातपूरला डिझेल नोझल बनवणाऱ्या कारखान्यात नीडलचा हिशोब मायक्रॉनमध्ये चालतो. मायको सर्कलवरून तिथे रोज कामाला जाणारे ओळखीचे असतील तर विचारून बघा. आपलं काम इतकं नाजूक नाही, पण पाव-पाव फेरे मारण्याइतकं ढोबळही नाही.

आधी हाय स्पीड. इंधन बहुतेक कार्बोरेटरमध्ये प्रथम याच नीडलमधून जातं, त्यामुळे ती हलली की लो स्पीडचं गणितही हलतं. इंजिन नीट गरम करून घ्या. मोकळ्या मैदानात ४०-५० मीटरच्या सरळ पट्ट्यात पूर्ण रेस द्या. आवाज घोगरा, धूर दाट, मिसिंग मारतेय? आठवा भाग बंद करा आणि दोन-तीन फेऱ्यांनंतरच पुन्हा हात लावा. आवाज स्वच्छ झाला आणि मागे निळसर धुराची बारीक रेघ अजून दिसतेय, तिथेच थांबा. आणखी थोडं बंद केलं तर आणखी जोरात पळेल असा मोह होतो, आणि खरंच पळते, एखाद-दोन मिनिटं. पट्ट्याच्या शेवटी दम सुटला आणि धूर दिसेनासा झाला, तर मात्र आठव्या भागाचा नियम बाजूला ठेवून लगेच पाव फेरा उघडा.

मग लो स्पीड, त्यासाठी पिंच टेस्ट. गाडी खोक्यावर ठेवा, चाकं अधांतरी. गरम इंजिन स्लोवर चालू असताना कार्बोरेटरजवळची इंधनाची नळी चिमटीत घट्ट दाबा आणि कान द्या. दोन-तीन सेकंदांत रेस किंचित चढून इंजिन बंद पडलं, तर बरोबर. न चढता लगेच बंद पडलं तर लीन. पाच-सहा सेकंद चढत चढत चालत राहिलं तर रिच. दुसरी खूण मैदानात मिळते : ट्रिगर सोडल्यावरही रेस पटकन खाली येत नसेल तर लो स्पीड बहुधा लीन आहे. नवशिके अशा वेळी स्लोचा स्क्रू कमी करतात, दुखणं झाकलं जातं आणि पिस्टन भोगतो. स्लो सगळ्यात शेवटी, क्लच चाकं ओढणार नाही इतपत.

थर्मामीटर जरूर घ्या. हेडवर प्लगजवळ १०५ ते १२० अंश सेल्सिअस ही बहुतेक इंजिनांची सुखाची पट्टी. नसेल तर पाण्याचा एक थेंब टाका. तीन-चार सेकंद चुरचुरून उडाला तर ठीक, टाकताक्षणी उडाला तर गाडी थांबवा. पण फक्त आकड्यावर ट्यूनिंग करू नका. मे महिन्यात बाहेरच ४० अंश असतात, आकडा वर दिसतो, घाबरून नीडल उघडली जाते. विरळ हवेने आधीच रिच झालेलं इंजिन मग आणखी गुदमरतं. धूर भरपूर आणि आकडाही चढा, असं असेल तर हेडवर हवा लागायला बॉडीला खिडकी कापा किंवा थंड प्रतीचा प्लग लावा. माझ्या मते क्रम असा : आधी कान, मग धूर, मग आकडा.

दर पाच मिनिटांनी सेटिंग बदलत असेल तर नीडलला हात लावूच नका. नळीला चीर, टाकीचं झाकण, सायलेन्सरहून टाकीकडे येणारी प्रेशरची नळी, मागची प्लेट, यांपैकी कुठेतरी गळती असते.

मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं, आणि त्याची ज्योत उन्हात जवळपास दिसत नाही. इंधन भरताना इंजिन बंद, हातात रबरी मोजे, मुलं लांब. ते पाणीही शोषून घेतं, म्हणून जुलैत बाटलीचं झाकण क्षणभरही उघडं ठेवायचं नाही. दिवस संपला की टाकी रिकामी करून उरलेलं इंधन इंजिनात जाळून टाका आणि आफ्टर-रन ऑइलचे चार थेंब सोडा, नाहीतर बेअरिंगला गंज चढतो.

पुढच्या आठवड्यात एअर फिल्टर : आपल्या काळ्या मातीची धूळ, आणि फोमला ऑइल किती लावायचं.