नव्या घराची सांदवाडी

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात नवं घर बांधलं की मागे सांदवाडीची, म्हणजे परसबागेची, जागा हमखास उरते. पण तिच्यात माती कमी आणि बांधकामाचा मलबा जास्त असतो. बी टाकण्याआधी तो काढा. चुना-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते, मग झाडांना लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी युरिया टाकून काही साधत नाही. फूटभर खोल खणून मलबा उचला, शेतातली माती, कुजलेलं शेणखत आणि मिळाला तर तलावाचा गाळ भरा. गोंदिया तलावांचा जिल्हा, त्यामुळे गाळ मिळणं अवघड नाही.

इथला पाऊस धानाला मानवतो, पण वांगी-टमाटरची मुळं साचलेल्या पाण्यात सडतात. म्हणून वीतभर उंच वाफे करा. पावसाळ्यात दोडका, कारली, वाल मांडवावर चढवा. पाऊस ओसरला की सांभार (कोथिंबीर), मेथी, पालक पेरा. उन्हाळ्यात वाफ्यांवर धानाची तणस अंथरा, ओल टिकते.

पहिल्या वर्षी दोनच वाफे करा, पण दिवसाचे सहा तास ऊन लागेल तिथेच करा.