गोवा ट्रान्स : किनाऱ्यावरच्या एका संगीताचा मागोवा

गोवा ट्रान्स ही इलेक्ट्रॉनिक संगीताची एक शैली आहे. मिनिटाला साधारण १४० ते १५० ठोके, रात्रभर न थांबणारा जड ढोल, त्यावर प्रत्येक ठोक्याचे चार भाग पाडत धावणाऱ्या सिंथेसायझरच्या गुंफलेल्या सुरावटी आणि सात-आठ मिनिटे सहज चालणारी रचना ही तिची ओळख. गाणे असे तिच्यात जवळजवळ नसतेच. एखाद्या चित्रपटातले तुटक वाक्य किंवा मंत्राचा तुकडा मधूनच ऐकू येतो, इतकेच. १९९४ ते १९९८ हा तिच्या भराचा काळ. या शैलीच्या बहुतेक तबकड्या लंडन, तेल अवीव, हॅम्बुर्ग अशा शहरांत तयार झाल्या. तरीही तिला गोव्याचे नाव लागले, आणि ते रास्तच आहे. कोण कुठून आले, त्यांना प्रवासात काय बाळगता आले आणि ज्या गावात ते उतरले त्या गावाचे रोजचे जगणे कसे होते, या तीन गोष्टींनीच या संगीताला आकार दिला. यंत्रे सगळ्या जगाकडे होती. हा आकार मात्र दुसरीकडे कुठे तयार झाला नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतले तरुण खुश्कीच्या मार्गाने भारतात येऊ लागले. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली असा तो रस्ता होता. पुढे मुंबईहून बरेचजण भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट धरत. कोकणातले चाकरमानी ज्या डेकवर वळकट्या पसरून रात्र काढत, तिथेच हे पाठीवर बोचके घेतलेले पाहुणेही पडलेले असत. आधी कळंगुट आणि बागा, तिथे वर्दळ वाढल्यावर उत्तरेला हणजूण, वागातोर आणि शापोरा अशी त्यांची वस्ती सरकत गेली. आर्मेनियन वंशाचा अमेरिकन ‘एट फिंगर एडी’ हा या पहिल्या पिढीतला सर्वांत परिचित माणूस. २०१० साली गोव्यातच त्याचे निधन झाले.

हणजूण तेव्हा भातशेती, मासेमारी आणि माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांचे गाव होते. घरातली एखादी खोली किंवा अख्खे घर हंगामापुरते भाड्याने देणे हा गावकऱ्यांसाठी नवा जोडधंदा झाला. पाहुणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत आणि मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळा तापला की मनाली किंवा काठमांडूच्या वाटेला लागत. जाण्याआधी नकोशा वस्तू विकून वाटखर्चाचे पैसे उभे करण्याची त्यांची पद्धत होती, आणि हणजूणचा बुधवारचा बाजार त्यातूनच वाढला. पुढे कर्नाटकातल्या लमाणी बायका, काश्मिरी आणि तिबेटी व्यापारी तिथे आले व बाजाराचे रूप पालटले.

पहिल्या दशकातले संगीत साधेच होते: गिटार, ढोल, बीटल्स, पिंक फ्लॉइड, नंतर बॉब मार्ली. पौर्णिमेला आणि नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात किनाऱ्यावर मैफली होत. १९५१ साली जन्मलेला कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही याच वातावरणात घडला. तो तरुणपणी भारतात आला, जुना आखाड्याची दीक्षा घेऊन साधू झाला आणि पुढे गोवा गिल या नावाने ओळखला गेला. १९७९ साली इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांमुळे खुश्कीचा रस्ता बंद पडला. त्यानंतरचे पाहुणे विमानाने येऊ लागले. त्यांचा मुक्काम आखूड झाला, पण युरोपातली ताजी ध्वनिमुद्रणे आता काही आठवड्यांत किनाऱ्यावर पोहोचू लागली.

खरे वळण १९८३-८४च्या सुमारास आले. लोराँ नावाचा फ्रेंच डीजे, फ्रेड डिस्को आणि गोवा गिल यांनी रॉक आणि रेगे बाजूला ठेवून रात्रभर इलेक्ट्रॉनिक संगीतच वाजवायला सुरुवात केली. जुन्या मंडळींना ते रुचले नाही. यंत्राच्या ठोक्यात त्यांना आत्मा दिसेना. नव्यांना मात्र सबंध रात्र एका लयीत नाचायचे होते, आणि त्यासाठी शब्द अडथळा ठरत. म्हणून ही मंडळी जर्मनी, बेल्जियम, इंग्लंडमधल्या तबकड्यांतले गायन कापून टाकत, वाद्यांचा चांगला तुकडा पुनःपुन्हा जोडत आणि आपल्या कॅसेटी स्वतःच तयार करत. क्राफ्टवर्क, फ्रंट २४२, कॅबरे व्होल्तेर, न्यू ऑर्डर अशा परस्परांशी फारसे नाते नसलेल्या नावांतून असे तुकडे वेचले जात. या शैलीचा उगम शोधायचा तर या कापलेल्या फितींपाशीच जावे लागते, असे म्हणता येते.

कॅसेटच का, याचे उत्तर प्रवासात आहे. प्लास्टिकची तबकडी उन्हात वाकते, वाळूने तिच्यावर चरे पडतात आणि पन्नास तबकड्यांचे ओझे खांद्यावर घेऊन हिंडता येत नाही. पन्नास कॅसेटी मात्र एका पिशवीत मावतात. १९८७ साली सोनीने डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे डॅट, बाजारात आणली. साध्या कॅसेटपेक्षा लहान डबीत सीडीच्या तोडीचा आवाज, शिवाय खिशात मावेल एवढे वाजवण्याचे यंत्र. काही वर्षांत हणजूणच्या बहुतेक डीजेंकडे डॅट यंत्रांची जोडी दिसू लागली.

या यंत्राने संगीताच्या घडणीतच हात घातला. तबकडीचा वेग हाताने कमी-जास्त करून दोन रचनांचे ठोके जुळवता येतात. डॅटवर ती सोय नव्हती. मग एका रचनेतून दुसरीत जायचे कसे? उपाय असा निघाला की रचना ठोक्याविना सुरू व्हावी, वाऱ्यासारखे लांबलेले सूर मिनिटभर घुमावेत, मग ढोल यावा. आणि शेवटी ढोल थांबून पुन्हा सूरच विरत जावेत. दोन रचनांची ही ढोलाविनाची टोके एकमेकांवर ठेवली की सांधा जाणवत नाही. लंडनमधले संगीतकार हणजूणला वाजावे म्हणून रचना करू लागले तेव्हा त्यांनी हाच घाट उचलला. गोवा ट्रान्सच्या त्या गूढ वाटणाऱ्या लांब सुरुवातीला अध्यात्माचे अनेक अर्थ चिकटवले गेले. मूळ कारण यंत्रात वेगाची कळ नसणे, हे होते. कारण इतके साधे असल्याने तिचे सौंदर्य उणे होत नाही.

शैलीचा दुसरा आधार म्हणजे रोलंड कंपनीचे टीबी-३०३. १९८१च्या अखेरीपासून १९८४पर्यंत बनलेले हे छोटे यंत्र गिटारवादकांना सरावासाठी बासची साथ देणार होते. त्या कामात ते फसले आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. १९८७ साली शिकागोच्या फ्युचर या चमूने त्याच्या कळा नको तितक्या पिळून जो चिरका, वळवळणारा आवाज काढला, तो पुढे गोव्याच्या संगीताचा कणा झाला. त्याच यंत्राची एक कहाणी मुंबईत आधीच घडली होती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एवढ्या सामग्रीवर भैरव, ललित, यमन, मेघमल्हार असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी विकली गेली नाही. २०१० साली एका डच संग्राहकाच्या खटपटीने ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हे कसे घडले, याचे जगभर आश्चर्य झाले. नीट ऐकले तर कारण कळते. टीबी-३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींड हातात मुरलेल्या माणसाला ती लगेच दिसणारच. हणजूणची धारा आणि सिंग यांचा प्रयोग वेगवेगळे वाहिले, पण सुरांच्या निवडीत ते जवळ येतात: गोवा ट्रान्समधला आवडता फ्रीजियन स्वरक्रम म्हणजे आपल्या भैरवी थाटाचेच स्वर.

हणजूणच्या एका रात्रीचा क्रम पाहिला तर गावाचा यातला वाटा स्पष्ट होतो. जागा ठरे ती वागातोरची डिस्को व्हॅली, हणजूणचे बांबूचे बन किंवा एखाद्या टेकडीचा उतार. जनरेटर आणि स्पीकर भाड्याने आणले जात, माडांच्या खोडांना अंधारात चमकणारे रंग फासले जात. संगीत मध्यरात्रीच्या आसपास सुरू होई, पण गावातल्या बायका दिवस मावळतानाच येऊन चटया अंथरून जागा धरत. प्रत्येकीच्या चटईवर एक कंदील, एक रॉकेलचा स्टोव्ह, चहाचे पातेले, पाव, अंडी, केळी आणि सिगारेटची पाकिटे. पाहुणे त्यांना ‘चाय ममा’ म्हणत. नाचून थकलेला माणूस चटईवर येऊन पडे, चहा पिई, तासभर झोपे आणि पुन्हा उठून नाचायला जाई. नृत्याच्या जागेला वेढून असलेली ही मिणमिणत्या दिव्यांची रांग नसती तर बारा-चौदा तासांची ती मैफल चाललीच नसती. यंत्रे वाजवणाऱ्यांची नावे नोंदली गेली. चटईवाल्या बायकांची नावे कुठल्याही तबकडीच्या वेष्टनावर आली नाहीत. हा त्या इतिहासातला मोठा अन्याय आहे.

रात्रीच्या वाटचालीलाही शिस्त होती. मध्यरात्रीनंतर काळोखी, धारदार, जवळजवळ बेसूर वाटावे असे संगीत. पूर्व उजळू लागली की सुरेल, मोकळ्या चालींच्या रचना. रागांचे प्रहर पाळणाऱ्या श्रोत्याला ही व्यवस्था परकी वाटत नाही. ‘सकाळचे संगीत’ असा वेगळा प्रकारच डीजे मानत आणि त्याच्या फिती वेगळ्या ठेवत.

या सगळ्यात एलएसडी आणि चरस यांचा वावर उघड होता; तो वगळून सांगितलेली हकिकत खरी ठरणार नाही. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला, पण किनाऱ्यावरचा व्यापार थांबला नाही. त्याचे भोग गावातल्या तरुणांच्याही वाट्याला आले.

१९९०च्या दशकात फिती परतीच्या प्रवासाला लागल्या. २९ जानेवारी १९९२ रोजी भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले आणि सक्तीची लष्करी सेवा संपवलेले इस्रायली तरुण मोठ्या संख्येने गोव्यात आले. परतताना त्यांनी नेलेल्या आवाजातून अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शनसारखे चमू उभे राहिले. लंडनमध्ये युथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्टिन ग्लोव्हरने ड्रॅगनफ्लाय ही कंपनी सुरू केली. राजा राम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टिप रेकॉर्ड्स काढली. डिसेंबर १९९४मध्ये इंग्लिश डीजे पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ वनवर सादर केलेला ‘गोवा मिक्स’ लाखो घरांत पोहोचला. १९९५ साली सायमन पोसफर्डने हॅलुसिनोजेन या नावाने ‘ट्विस्टेड’ ही तबकडी काढली. या शैलीतली सर्वांत घोटीव कलाकृती म्हणून तिचेच नाव घ्यावे लागेल. एकेका रचनेत सुरांचे इतके पदर आहेत की दहाव्यांदा ऐकतानाही नवे काही सापडते.

नाव जगभर गेले, तशी किनाऱ्यावरची गर्दीही वाढली. गोव्यातल्या या जगाचा अभ्यास करणाऱ्या अरुण सलढाणा यांचे ‘सायकेडेलिक व्हाइट’ हे पुस्तक २००७ साली आले. सर्वांना सामावून घेण्याची भाषा करणाऱ्या या मैफलींत वंशाच्या भिंती कशा तयार होत, कोण कधी नाचायला येई आणि भारतीय पर्यटकांकडे कसे पाहिले जाई, याची त्यात बारकाईने केलेली मांडणी आहे. तिची दखल घेतल्याशिवाय या काळाबद्दल हळवेपणाने बोलणे योग्य नाही. गावातून विरोध होताच. रात्रभराच्या आवाजात परीक्षेचा अभ्यास, आजारी माणसाची झोप आणि रविवारची प्रार्थना सांभाळायची कशी, ही तक्रार खरी होती. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली. सणासमारंभांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई उचलून धरली. जे संगीत मध्यरात्री सुरू होऊन दुपारी संपायचे, त्याला हा मोठा धक्का होता. बऱ्याच मैफली दिवसा किंवा बंदिस्त जागेत गेल्या.

तोवर शैलीने इतरत्र घरे केली होती. पोर्तुगालमध्ये १९९७ साली बूम महोत्सव सुरू झाला. ११ ऑगस्ट १९९९च्या खग्रास सूर्यग्रहणानिमित्त हंगेरीतल्या ओझोरा गावाजवळ भरलेल्या मेळ्यातून पुढे तिथला वार्षिक महोत्सव उभा राहिला. संगीतही बदलले: सुरावटी कमी झाल्या, ढोल आणि बास पुढे आले, आणि सायट्रान्स हे नाव रूढ झाले. गोव्यात २००७ साली कांदोळीत सनबर्न महोत्सव सुरू झाला; २०१६ साली तो पुण्याजवळच्या केसनंदला गेला आणि काही वर्षांनी पुन्हा गोव्यात परतला. तिकीट, प्रायोजक आणि भव्य रंगमंच असलेले हे वेगळेच जग. हणजूणशी त्याचा धागा किनाऱ्यापुरताच.

सोनीने २००५ साली डॅट यंत्रांचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. संग्राहकांनी जुन्या फिती संगणकावर उतरवून घ्यायला सुरुवात केली. हंगामापुरत्या तयार झालेल्या, कुठेच प्रकाशित न झालेल्या अनेक रचना त्यामुळेच आज ऐकता येतात. गोवा गिल मात्र त्यानंतरही डॅटवरच वाजवत राहिला. एकट्याने चोवीस तास चालवलेल्या त्याच्या मैफली जगभर झाल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये गोव्यात त्याचे निधन झाले.