बातमीमागची माणसं (भाग ७) : मंत्र्याच्या घरातली वृत्तनिवेदिका

हिंगोलीच्या शासकीय विश्रामगृहावर एखाद्या पुढाऱ्याची पत्रकार परिषद असली की टेबलावर आठ-दहा बूम माइक मांडले जातात. निम्म्याहून अधिक यूट्यूबवाल्यांचे. बूमवरच्या रंगीत ठोकळ्यांवर चॅनलची नावं असतात, एकाहून एक भारदस्त. त्यातल्या एखाद्या बूममागे उभा असलेला तरुण समोर बसलेल्या साहेबांना प्रश्न विचारताना जरा जास्तच नरम पडतो, कारण साहेब त्याचे चुलते तरी असतात नाहीतर मामा. उरलेल्यांना हे ठाऊक असतं. चहा येतो, बिस्किटं येतात, प्रश्न संपतात.

मागच्या भागात जिल्ह्याच्या बातमीदाराच्या मानधनाविषयी लिहिलं होतं. त्यावर सेनगाव तालुक्यातल्या एका वाचकाने सरळ विचारलं, ‘पुढाऱ्याच्या घरातलं लेकरू बातमीत आलं तर बिघडलं काय? डॉक्टरचं पोर डॉक्टर होतंच की.’ प्रश्न बिनतोड आहे. आपल्या जिल्ह्याला घराणी नवी नाहीत. कळमनुरीच्या रजनीताई सातव राज्यात मंत्री होत्या, त्यांचे चिरंजीव राजीव सातव २०१४ ला हिंगोलीचे खासदार झाले. राजकारण वारशाने येतं, हे आपण कधीच गृहीत धरलंय. बातमी वारशाच्या घरात शिरली की काय होतं, ते आज पाहू.

आधी लांबचं एक उदाहरण, कारण ते अगदी ठसठशीत आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचे मारिओ क्युओमो १९८३ पासून बारा वर्षं गव्हर्नर होते. थोरला मुलगा अँड्र्यू २०११ मध्ये त्याच खुर्चीवर बसला. धाकटा ख्रिस टीव्ही पत्रकार झाला, सीएनएनवर रात्रीचा कार्यक्रम करू लागला. भावाची मुलाखत घ्यायची नाही, असा दंडक चॅनलनेच घातलेला होता. २०२० मध्ये करोना आला, अँड्र्यूच्या रोजच्या पत्रकार परिषदा अमेरिकाभर बघितल्या जाऊ लागल्या आणि दंडक बाजूला पडला. दोघे भाऊ पडद्यावर एकमेकांची चेष्टा करत. नाकातल्या चाचणीवरून थट्टा करायला ख्रिसने एकदा हातभर लांबीची कापसाची काडी आणली होती. लोक खूश, चॅनल खूश. वर्षभरात अँड्र्यूवर अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला पद सोडावं लागलं. मग चौकशीच्या कागदपत्रांतून उघड झालं, की पडद्याआड ख्रिस भावाच्या बचावाची आखणी करत होता, आपल्या ओळखीपाळखी वापरून तक्रारींचा माग काढत होता. ४ डिसेंबर २०२१ ला सीएनएनने त्याला काढून टाकलं.

ख्रिस भावाच्या पाठीशी उभा राहिला, यात मला नवल वाटत नाही. भाऊच तो. नवल चॅनलचं वाटतं. नियम होता, तो कशासाठी होता हेही ठाऊक होतं, आणि प्रेक्षकांना मजा येतेय म्हटल्यावर तो गुंडाळून ठेवला.

आता आपल्या मराठीतलं उदाहरण. ती पुढे वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध झाली, त्यामुळे बातम्यांशी तिचा संबंध होता हेच आपण विसरतो. मी अभिनेत्री स्मिता पाटीलबद्दल बोलतोय.

वडील शिवाजीराव गिरधर पाटील, खानदेशातल्या शिरपूरचे. स्वातंत्र्यसैनिक, पिंड समाजवादी, नंतर काँग्रेसमध्ये गेले, राज्यात मंत्री झाले, १९९२ ते १९९८ राज्यसभेवर होते. २०१३ मध्ये पद्मभूषण मिळालं. आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यात मुरलेल्या. स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्यातला. शाळा पुण्यात झाली आणि शाळेइतकंच शिक्षण झालं ते राष्ट्र सेवा दलात. सेवा दलाचं कलापथक ही साधी गोष्ट नव्हती. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसं त्याच मांडवाखालून आली. गावोगाव फिरायचं, मिळेल तिथे मुक्काम करायचा, माइक असो नसो, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं पाहिजे असं बोलायचं. मंत्र्याच्या मुलीचा आवाज तयार झाला तो बंगल्यात नाही, तिथे.

म्हणून ‘राजकीय घराणं’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, गाड्यांचा ताफा, वाढदिवसाचे बॅनर, ते इथे लावू नका. हे चळवळीतून सत्तेत गेलेलं घर होतं. सत्तेत गेलं होतं हेही तितकंच खरं.

वडील मंत्री झाल्यावर बिऱ्हाड मुंबईला आलं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरंच केंद्र. सगळा नवा मामला. कॉलेजातल्या स्मिताचे फोटो ओळखीतून केंद्रावर पोचले, तिथल्या अधिकाऱ्यांना चेहरा वेगळा वाटला, चाचणी झाली आणि विशीही न गाठलेली ही मुलगी मराठी बातम्या देऊ लागली. सावळा रंग, मोठे डोळे, मेकअपचा सोस नाही. निवेदिकेने साडी नेसलेली असावी अशी अपेक्षा होती आणि हिला जीन्स सोडवत नव्हती. मग जीन्सवरूनच साडी गुंडाळायची, पदर नीट लावायचा, खुर्चीवर बसायचं. कॅमेरा टेबलाच्या वर. खाली काय आहे, महाराष्ट्राला कुठे दिसतंय!

तेव्हाच्या बातम्या कशा तयार होत, हे थोडं समजून घ्यायला हवं. टीव्ही आणि रेडिओ हे एकच सरकारी खातं होतं. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं ते १ एप्रिल १९७६ ला. बातम्या लिहिणारे संपादक सरकारच्या माहिती सेवेतले अधिकारी. आकाशवाणीची एक आचारसंहिता होती : पक्षाचं नाव घेऊन हल्ला करायचा नाही, केंद्रावर किंवा कुठल्याही राज्य सरकारवर झोड उठवायची नाही, मित्रराष्ट्रांवर टीका नको. या चाळणीतून जे उरे ते कागदावर उतरे. तो कागद निवेदकाच्या हातात येई, कधी प्रक्षेपणाच्या अगदी तोंडावर. समोर काचेवर सरकणाऱ्या ओळी नाहीत. कागदावरचं वाक्य डोळ्यांनी उचलायचं, मान वर करायची, भिंगाकडे बघत ते पुरं करायचं, पुन्हा खाली. सगळं थेट. अडखळलात की सगळ्यांसमोर अडखळलात.

म्हणजे वाक्य दुसऱ्याचं, क्रम दुसऱ्याचा, काय गाळायचं तेही दुसऱ्याने ठरवलेलं. आवाज आणि नजर तेवढी आपली.

मंत्र्याची मुलगी बातम्या देते, यावर त्या काळी कुणी फारसं बोट ठेवलेलं दिसत नाही, त्याचं कारण मला इथे दिसतं. तिच्या हातात वळवण्यासारखं काही नव्हतंच. ख्रिस क्युओमोला स्वतःचा तासभर होता, पाहुणे निवडायची मोकळीक होती. स्मिताला स्वल्पविरामही बदलता येत नव्हता. आणि समजा बदलता आला असता, तरी काय? केंद्रात काँग्रेस, राज्यात काँग्रेस, टीव्ही केंद्र सरकारचा. अख्खं बातमीपत्रच जेव्हा एका घरचं असतं तेव्हा त्यात नात्यागोत्याचा एक माणूस शोधण्यात काही हशील नसतं. पुढे जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, माहिती व नभोवाणी खातं इंद्रकुमार गुजरालांकडून काढून विद्याचरण शुक्लांकडे दिलं गेलं आणि उरलीसुरली लाजही गेली. दोष कुण्या मुलीच्या आडनावात नव्हता, घडणीत होता.

इथे आपल्या भागाचा विचार करा. मुंबईत टीव्ही सुरू झाला ते साल बहात्तरचं. मराठवाड्यात ‘बहात्तर’ एवढंच म्हणा, म्हातारी माणसं पुढचं स्वतः सांगतात. दुष्काळी कामं, खडी फोडणं, नालाबांध, लाल मिलोच्या भाकरी, लेकरांना सुकडी. सरकारी बातमीत या सगळ्याचं एक वाक्य व्हायचं : अमुक इतकी कामं सुरू, तमुक इतक्या मजुरांना रोजगार. ते वाक्य स्मिताने वाचलं असेल नाहीतर दुसऱ्या कुणी, वाक्य तेच राहिलं असतं. खडी फोडणाऱ्या एखाद्या कोंडाबाईच्या हाताला आलेले फोड त्यात बसत नव्हते.

आणि हिंगोलीत तो चेहरा कुणी पाहिलाही नाही. मुंबईचं प्रक्षेपण मुंबईच्या आसपास आणि पुढे पुण्यापर्यंत. आपल्याकडे रेडिओ. परभणीचं केंद्र होतं, सकाळच्या प्रादेशिक बातम्या पुण्याहून यायच्या आणि सुधा नरवणे यांचा आवाज घराघरात घड्याळाचं काम करायचा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलंच एक तालुक्याचं गाव. जिल्हा झाला १ मे १९९९ ला. बातमीतलं बाईमाणूस आपल्याला कानाने ठाऊक होतं.

जाता जाता एक सल सांगून टाकतो. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग झाला. त्यात कर्नाटकातले गुलबर्गा आणि रायचूर होते, आंध्रातले मेदक आणि महबूबनगर होते. सगळे निजामाच्या राज्यातले आपलेच भाऊबंद. महाराष्ट्र सहा राज्यांत नव्हता, म्हणून मराठवाडा नाही. मुंबईत टीव्ही आला म्हणजे महाराष्ट्रात आला, असा हिशेब कुणी केला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे छतांवर अँटेना दिसू लागल्या त्या ऐंशीच्या दशकात, आणि गल्लीगल्लीत सेट आले ते १९८७ च्या ‘रामायणा’मुळे. स्मिता १३ डिसेंबर १९८६ ला गेली होती, एकतिसाव्या वर्षी.

बातम्यांच्या खुर्चीवर ती फार काळ बसली नाही. श्याम बेनेगल यांनी तिला टीव्हीवर पाहिलं आणि ‘चरणदास चोर’मध्ये घेतलं, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’ पाठोपाठ आले. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री. हे सर्वांना पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. पण त्याच सुमाराचा ‘सामना’ आठवा. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निळू फुलेंचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील. सहकाराच्या नावाखाली उभी राहिलेली सत्ता काय काय गिळू शकते, हे त्या चित्रपटाने जितकं उघडं केलं तितकं तेव्हाच्या एकाही सरकारी बातमीपत्राने केलं नसेल. त्यात छोट्या भूमिकेत स्मिता आहे. सत्ताधारी पक्षातल्या मंत्र्याची मुलगी. १९८२ च्या ‘उंबरठा’तली सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक होते आणि आतला सगळा कुजका कारभार पाहते. बातम्या देताना जे तिच्या हातात नव्हतं, ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या संवादांतच तिला मिळालं, हे जरा विचित्र आहे. फरक इतकाच की कुठले संवाद बोलायचे आणि कुठले नाहीत, हे आता ती निवडत होती.

सरकारच्या हातातल्या या टीव्हीचं कायद्याने पुढे काय झालं, ते थोडक्यात. प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. अंमल मात्र १९९७ मध्ये. तोवर खासगी वाहिन्या घरात शिरल्या होत्या. निवेदक कागद वाचणारा राहिला नाही. तो प्रश्न ठरवू लागला, पाहुणे ठरवू लागला, कुणाचा आवाज मध्येच बंद करायचा तेही ठरवू लागला. ज्या दिवशी हे त्याच्या हातात आलं, त्या दिवशीपासून त्याचा मामा कोण आणि चुलता कोण हे प्रेक्षकाला कळणं गरजेचं झालं.

तेव्हा सेनगावकर वाचकाला माझं उत्तर असं : लेकरू बातमीत येऊ द्या, खुशाल येऊ द्या. डॉक्टरचं पोर डॉक्टर होतं, पण बापाचं पोस्टमॉर्टेम त्याच्याकडे देत नाहीत. घरच्या माणसाची बातमी दुसऱ्याने करावी आणि नातं पडद्यावर लिहावं. विश्रामगृहावरच्या त्या बूमच्या ठोकळ्यावर चॅनलच्या नावाखाली एक ओळ सहज मावते.

(पुढील आठवड्यात : परभणी आकाशवाणी आणि शेतकऱ्यांचा रेडिओ)