पहिली कादंबरी आणि संपादकाची पेन्सिल

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की कादंबरी संपादकाकडे द्यायची म्हणजे तो शुद्धलेखन तपासणार ना?

नाही हो. ऱ्हस्व-दीर्घ बघतो तो मुद्रितशोधक, आणि त्याची पाळी येते पानं लागल्यावर. संपादकाचं काम त्याच्या फार आधीचं. माझा खर्डा साडेतीनशे पानांचा होता. दोन महिन्यांनी परत आला. चाळून बघते तर पहिल्या साठ पानांच्या समासात एकही खूण नाही. मला वाटलं, वा! मग एकसष्टाव्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, 'कादंबरी इथे सुरू होते.'

आठ दिवस मी त्यांना फोन केला नाही. आजोळचा अख्खा वाडा होता त्या साठ पानांत! शेवटी भेटायला गेले, तर त्यांनी वाद घातलाच नाही. फक्त विचारलं, "यातलं काय कळलं नाही तर पुढचं अडेल?" घरी येऊन यादी केली. तीन गोष्टी निघाल्या. त्या पुढे जिथे लागत होत्या तिथे घातल्या, बाकी वाडा गेला.

याहून मोठं उदाहरण हार्पर ली यांचं. 1957 मध्ये त्यांची पहिली कादंबरी लिपिनकॉट या अमेरिकन प्रकाशनाकडे आली. नायिका सव्वीस वर्षांची, न्यूयॉर्कहून गावी आलेली, आणि मध्ये मध्ये तिच्या लहानपणच्या आठवणी. संपादक टे हॉहॉफ यांना जीव दिसला तो त्या आठवणींत. तेवढंच धरून लिहा, म्हणाल्या. दोन-अडीच वर्षं पुनर्लेखन चाललं आणि 1960 मध्ये 'टु किल अ मॉकिंगबर्ड' आली. मूळ खर्डाही 2015 मध्ये 'गो सेट अ वॉचमन' नावानं छापला गेला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पहिल्या खर्ड्यातले वडील, ॲटिकस, वर्णद्वेष्ट्यांच्या सभेला बसलेले आहेत. संपादकाचा एक सल्ला माणसं किती बदलून टाकतो बघा. पण ती बदललेली माणसं लिहिली लीनंच.

आता माझ्याकडची सगळ्यात अवघड खूण सांगते. पान दोनशे बारा, नायिकेच्या आईशेजारी, 'हिला एकदाही राग येत नाही?' बरं का, ती बाई म्हणजे सरळसरळ माझी आई होती. संपादक तिला ओळखत नव्हते. त्यांच्यापुढे कागद होता, आणि कागदावर मी तिला सांभाळून घेत होते. त्यांना म्हटलं, हे नाही जमणार. ते म्हणाले, "मग राहू दे. पुस्तक तुमचं आहे."

सांगितलं असतं तर मी नक्की अडून बसले असते. पण 'राहू दे' म्हटल्यावर झोप उडाली. तिसऱ्या रात्री उठून तो प्रसंग लिहिला, वडिलांसमोर ताट भिरकावून दिल्याचा. छापून येईपर्यंत पोटात गोळा होता.

आईनं ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला आणि म्हणाली, "फेकलं नव्हतं गं. आपटलं होतं."