आवाज फाटत नाही, सांधा जुळायचा असतो

मैत्रिणींनो, आमच्या दाभोशाचा धबधबा पावसाळ्यात असा कोसळतो की पलीकडच्या बाईला हाक मारायची तर छातीतूनच मारावी लागते. वारली लग्नात धवलेरी गाते तेही मोकळ्या गळ्यानंच. त्यामुळे इकडच्या मुलींचा खालचा आवाज सुरेख लागतो. अडचण येते ती शास्त्रीय गाणं शिकायला बसल्यावर.

बचत गटाच्या कामातून ओळख झालेल्या एका बाईंची मुलगी गाणं शिकायची. मधल्या सप्तकात छान गायची, पण वरच्या सा कडे जाताना आवाज एकदम बारीक व्हायचा. ‘फाटला, फाटला’ म्हणून बरोबरीच्या मुली हसल्या आणि तिनं क्लासच सोडला.

खरं तर यात हसण्यासारखं काय आहे? खालच्या स्वरांना गळ्यातले स्वरतंतू आखूड नि जाड असतात, आवाज छातीत घुमतो. वर जाताना ते ताणून पातळ होतात, घुमारा कपाळाकडे जाणवतो. हा पालट हळूहळू झाला नाही, की मध्ये खटका बसतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बऱ्याच जणींना तो धैवत-निषादाच्या आसपास जाणवतो. बारीक आवाजाला ‘चोरटा’ म्हणतील या धास्तीनं मग जाड आवाजच रेटून वर नेला जातो. मानेच्या शिरा फुगतात, घसा बसतो.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा. सकाळी आधी खर्ज लावायचा. मग ओठ मिटून, हलक्या आवाजात, मध्य सा पासून तार सा पर्यंत न तुटता घसरत जायचं आणि तसंच खाली यायचं. जमलं की तेच आकारात. वरचा हलकेपणा खाली आणायचा, खालचा जोर वर न्यायचा नाही. आणि पट्टी आपल्याला झेपेल तीच! ती मुलगी आता घरी हेच करते. वरचा सा अजून डळमळतो, पण ती थांबत नाही.

गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी हुबळी’ या नावानं निघाल्या. त्यात त्यांचा आवाज चांगला उंच आणि बारीक आहे. पुढे टॉन्सिल्सच्या उपचारानंतर तो जाड, जवळजवळ पुरुषी झाला. त्यांनी गाणं सोडलं नाही. त्याच आवाजाला आपली ओळख केलं. त्यांच्याच किराणा घराण्यातल्या हिराबाई बडोदेकरांचा आवाज मात्र नाजूक, मधाळ. एकाच घराण्यात दोन्ही आवाज मानानं नांदले.

एक काळजी मात्र घ्या. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर काढ्यांवर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मिश्री नि चुलीचा धूर गळ्याला मुळीच चांगला नाही.

आणि लेक रियाजाला बसली की स्वयंपाकघरातून ‘पुरे आता’ म्हणू नका. तो खटका तिला चार भिंतींच्या आतच दुरुस्त करू द्या.