मसाला मुठीनं नव्हे, वजनानं

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाची मसाल्याची वीस पाकिटं दुकानदारानं परत केली. "ताई, मागच्या खेपेची चव नाही यात." चक्की तीच, जिन्नस तेच. फक्त मिरची नवी होती आणि मूठ दुसऱ्या बाईची.

घरी मसाला थोडा फिका निघाला तर भाजीत तिखट वाढवतो, भागतं. दुकानातलं गिऱ्हाईक मात्र मागचीच चव मागतं. म्हणून मसाल्याच्या कंपन्या प्रत्येक जिन्नस वजनात लिहून ठेवतात.

एक किलोचं आमचं माप ऐका. धणे ४५० ग्रॅम, लाल मिरची २५०, जिरे १००, हळद ८०, गरम मसाला ८०, मीठ ४०. तुमचं माप वेगळं असू द्या, पण बेरीज १००० यायला हवी. तोलायचं ते निवडून, देठं काढून, भाजून, गार झाल्यावर. भाजल्यानं ओल उडते, वजन घटतं. एकदा कच्चं नि एकदा भाजलेलं तोललं, की गणित बिघडलं.

लवंग, वेलची, कलमी हे थोडके जिन्नस मोठ्या काट्यावर नीट तोलले जात नाहीत. त्यांचा गरम मसाला आधी वेगळा दळा, थोड्या धणेपुडीत कालवा, मग ढिगात मिसळून दोनदा चाळा. नाहीतर सगळी लवंग एकाच पाकिटात!

खरं दुखणं मिरचीचं. ब्याडगी रंग देते, तिखट कमी, तेजा झोंबते. एकाच जातीची मिरचीही दर हंगामात सारखी नसते. म्हणून दोन्ही मिसळायच्या आणि प्रमाण चाखून ठरवायचं. मागच्या खेपेचा १०० ग्रॅम मसाला डब्यात राखून ठेवा. दोन गंजांत सारखंच वरण घ्या, एकात जुना मसाला ५ ग्रॅम, दुसऱ्यात नवा ५ ग्रॅम, उकळा. कोणतं कोणतं ते न सांगता दोघी-तिघींना चाखायला द्या. फरक कळला, तर मिरची बदला, पाकीट भरू नका.

खोबरं, खसखस आम्ही घालत नाही. तेलामुळं मसाला खवट होतो. मीठ पावसाळ्यात ओल धरतं, गोळे होतात. नियमानंही १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅमच्या वर मीठ चालत नाही, आणि रंग तर मुळीच नाही.

पाकिटावर जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहा, म्हणजे आमच्यात धणे पहिले. अन्न नोंदणीचा १४ अंकी नंबर टाका, आणि खेपेचा नंबरही. आमच्या त्या वीस पाकिटांवर तोच नव्हता. त्याच खेपेतली बाकीची कोणत्या दुकानात गेली, ते शोधताच आलं नाही.