चाल जुनी, पद नवें

कृष्णाकांठचें हरिपूर आमच्या कुपवाडाहून फारसें दूर नाहीं. 'संगीत शारदा' (१८९९) लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल या हरिपूरचेच. त्या काळच्या संगीत नाटकाचें छापील पुस्तक उघडलें असतां पदांच्या माथ्यावर 'चाल' असा शब्द व त्यापुढें एखाद्या जुन्या गाण्याचे आरंभींचे शब्द आढळतात. विद्यार्थिमित्र ती ओळ सोडून पुढें वाचतात. वस्तुतः ती ऋणाची नोंद होय.

देवलांचे गुरु अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं 'शाकुंतल' (१८८०) व 'सौभद्र' (१८८२) या नाटकांसाठीं कीर्तनांतील साकी-दिंडी, लावण्या, कर्नाटकी पदें अशा लोकांच्या कानांत बसलेल्या चाली घेतल्या. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. दिंडीच्या चरणांत मात्रा एकोणीस. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. एक जरी अधिक झाली तरी गाणारा अडखळतो! पुढें सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमाना'स (१९११) गोविंदराव टेंबे यांनीं ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली दिल्या. तेथें अडचण निराळी. ठुमरींत शब्द थोडे व सुरांचा विस्तार फार. नाटकांतील पदास तर मनांतील गोष्ट बोलून दाखवावयाची असते.

समुद्रापलीकडेही असेंच घडत आलें आहे. 'शारदे'च्या आदल्याच वर्षीं, १८९८ सालीं, इटलींतील नेपल्स शहराच्या बोलींत 'ओ सोले मिओ' हें गीत झालें. शब्द जोव्हान्नी कापुर्रो यांचे, चाल एदुआर्दो दि कापुआ यांची. वादळ ओसरल्यावरचें ऊन सुंदर खरें, पण त्याहूनही सुंदर सूर्य प्रियेच्या मुखावर आहे, असा त्याचा भाव. १९६० सालीं अमेरिकेंत एल्व्हिस प्रेस्ली यांनीं त्याच चालीवर नवे इंग्रजी शब्द गाइले. 'इट्स नाऊ ऑर नेव्हर' हें तें गाणें अमेरिकेंत पांच व इंग्लंडांत आठ आठवडे अग्रस्थानीं राहिलें. त्यांत ना ऊन, ना वादळ. आहे ती केवळ प्रियकराची घाई. गाणें गोड आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तें ऊन आम्हांस हरवल्यासारखें वाटतें.

चाल दूरवर गेली. कर्त्यांचें काय झालें? दि कापुआ १९१७ सालीं गरिबींतच वारले. चालीच्या रचनेंत आल्फ्रेदो माझुक्की यांचाही वांटा होता, हें ट्यूरिनच्या न्यायालयानें २००२ सालीं मान्य केलें. तोंपर्यंत त्यांच्या मृत्यूस तीस वर्षें झालीं होतीं.

आपल्या जुन्या नाटकांच्या पुस्तकांत मूळ गाण्याची ओळख राहिली. पण तें प्रथम कोणीं गाइलें, त्याचें नांव पुष्कळदां तेथेंही नाहीं. शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत तर चित्रपटगीताच्या चालीवर स्वागतपद रचितात, आणि कार्यक्रमपत्रिकेंत त्या चालीचा उल्लेखही नसतो. पुढील संमेलनाच्या पत्रिकेंत पदाच्या माथ्यावर 'चाल' ही ओळ, आणि ठाऊक असेल तेथें चाल बांधणाऱ्याचें नांव, छापावें अशी आमची सूचना आहे. मूळ गाणें मुलांस न सांगतां आलें, तर घरीं आजीस विचारावें.